गोळ्याच चालू ठेवायच्या की डीबीएस करायचं?

कोथरूडच्या आमच्या काकांना पार्किन्सन्स, म्हणजे हालचाली मंदावणारा, कंप आणणारा मेंदूचा आजार होऊन बरीच वर्षं झाली. आता डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन) या मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विषय निघालाय आणि घरात दोन तट पडलेत.

गोळ्यांचं म्हणाल तर लेव्होडोपा आजही सर्वांत प्रभावी. कवटीला हात लावायला नको, एकरकमी खर्च नाही. पण काही वर्षांनी गोळीचा असर लवकर ओसरतो. डोस वाढवला की अंग आपोआप वळवळतं. प्रथिनं आड येतात, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास. काकांच्या एक ते चारच्या झोपेलाही गजर लावावा लागतो, यापेक्षा मोठा जुलूम पुण्यात नाही!

डीबीएसमध्ये मेंदूत विजेचे सौम्य झटके देणारे बारीक इलेक्ट्रोड आणि छातीच्या कातडीखाली बॅटरी बसवतात. दिवसातले चढउतार कमी होतात, गोळ्याही बऱ्याचदा घटतात. आजार मात्र थांबत नाही. गोळीने जे सुधारतं तेच बहुधा यानेही सुधारतं. कंप हा अपवाद, तो गोळीला दाद देत नसला तरी यानं कमी होऊ शकतो. तोल आणि स्मरणशक्तीची आशा धरू नये, बोलणं तर कधी बिघडतंही. मेंदूत रक्तस्राव, जंतुसंसर्ग हे धोके कमी, पण आहेत. साधी, म्हणजे चार्ज न होणारी बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. तो खर्च आधीच विचारा.

काकांची स्मरणशक्ती शाबूत आहे, गोळी लागू असताना ते पर्वतीही चढतात. म्हणून माझं मत डीबीएसला. विसरभोळेपणा असता तर मी गोळ्यांवरच थांबलो असतो. काकू अजून तयार नाहीत. आधी पार्किन्सन्स मित्रमंडळात, म्हणजे रुग्ण आणि घरच्यांच्या आधारगटात, शस्त्रक्रिया झालेल्या कुणाच्या तरी बायकोशी बोलायचंय म्हणतात.