हवेचा स्क्रूड्रायव्हर घ्यावा की बॅटरीचा?

भाच्याने पॅनेल जोडणीचं छोटं वर्कशॉप टाकलंय. "मामा, कुठला घेऊ?" म्हणून तो आठवडाभर मागे लागला होता.

खर्चाचं आधी. हवेचं हत्यार हलकं आणि टिकाऊ, पण कॉम्प्रेसर, पाइप, फिल्टर-रेग्युलेटर (हवा गाळून दाब नेमका ठेवणारा भाग) हे वऱ्हाड सोबत येतं. बॅटरीचं पेटीतून काढलं की सुरू. दोन-तीन वर्षांत बॅटरी दमते, तो खर्च धरायचा.

खरी मेख दाबाच्या सेटिंगमध्ये आहे. बहुतेक हवेच्या हत्यारांना साधारण ६.३ बार दाब लागतो, तोही हत्यार चालू असताना. शेजारच्या टेबलावर कोणी त्याच कॉम्प्रेसरवर एअर गन (हवेचा फवारा) मारली की दाब पडतो आणि क्लच (स्क्रू ठरल्याइतका आवळला की सुटणारा भाग) सुटतच नाही. स्क्रू ढिला राहतो. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, ते रोज काढायचं. बॅटरीवाल्याला ही कटकट नाही.

बिट (स्क्रूत बसणारं टोक) बदलताना हवेचा पाइप काढायचा आणि ट्रिगर दाबून उरलेली हवा सोडायची. नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही. माझ्यासमोर एकदा दाबाखालचा पाइप निसटला आणि सापासारखा फटके मारत सुटला. तेव्हापासून सेफ्टी चष्म्याशिवाय मी हात लावत नाही. बॅटरीवाल्याची बॅटरी काढायची असते. कोणी काढत नाही, ही गोष्ट वेगळी.

एका जागी बसून दिवसभर शेकडो स्क्रू आणि कॉम्प्रेसर आधीच असेल, तर हवेचा. साइटवर फिरून फिटिंग करायचं असेल, तर बॅटरीचा. भाच्याला सध्या बॅटरीचाच घ्यायला लावला.