फ्रेट पॉलिश करण्याचा स्वस्त संच : काय घ्यावे, काय वगळावे

पुण्याच्या पावसाळी हवेत कोपऱ्यात उभी राहिलेली गिटार दिवाळीच्या सुमारास हातात घेतली, की फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या बारीक सळ्यांवर, काळपट थर दिसतो आणि तार आडवी ओढताना खरखर जाणवते. बहुतेक गिटारींचे फ्रेट जर्मन सिल्व्हरचे, म्हणजे तांबे, जस्त आणि निकेल यांच्या मिश्रधातूचे असतात, आणि दमट हवेने व बोटांच्या घामाने ते काळवंडतात. त्यासाठी ऑनलाइन मिळणारा एक बिननावाचा संच मी वापरतो. त्यात फ्रेटपुरती खाच असलेल्या पोलादी पट्ट्या आणि १८०, ४०० व १००० ग्रेडचे घासायचे रबरी ठोकळे असतात (आकडा जितका मोठा, तितकी खर बारीक).

संचातील खरी कामाची वस्तू म्हणजे पट्टी. ती फिंगरबोर्डवर, म्हणजे फ्रेट बसवलेल्या लाकडी फळीवर, सपाट बसली, तर लाकडाला न शिवता फक्त फ्रेट घासता येतो. माझ्या पट्टीच्या खाचेची कड मात्र कारखान्यातूनच खरबरीत आली होती. नख फिरवताच ते कळले आणि १००० च्या वॉटर पेपरने ती घासून घ्यावी लागली. दुसरी अडचण मापाची आहे. साधारण ६४८ मिलिमीटर स्केलच्या (म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीच्या) गिटारीत नट (मानेच्या टोकाची, तारा टेकतात ती खाचांची पट्टी) ते पहिला फ्रेट हे अंतर सुमारे ३६ मिलिमीटर असते, तर एकोणिसाव्या आणि विसाव्या फ्रेटमध्ये जेमतेम १२ मिलिमीटर उरतात. तिथे रुंद पट्टी शेजारच्या फ्रेटवर चढते आणि मास्किंग टेपच उपयोगी पडते. टेप हलक्या चिकटीची घ्यावी, नाहीतर मेपलच्या फिंगरबोर्डवरील लॅकर उचकटण्याची भीती असते.

ठोकळ्यांपैकी १८० चा ठोकळा मी बाजूलाच ठेवतो. तो धातूवर खोल ओरखडे पाडतो आणि ते घालवण्यातच वेळ जातो. ४०० ने थर काढून १००० ने मऊपणा आणावा आणि पुढचे काम १५०० व २००० च्या वॉटर पेपरवर सोपवावे. हे कागद रविवार पेठेत बोहरी आळीच्या हार्डवेअर दुकानांत सुटे मिळतात. शेवटचे हात फ्रेटच्या लांबीच्या दिशेनेच फिरवावेत, कारण बेंड घेताना, म्हणजे सूर चढवायला तार आडवी ओढताना, ती त्याच दिशेने सरकते आणि आडवे ओरखडे बोटाला लगेच कळतात.

०००० ग्रेडचे स्टील वूल, म्हणजे अतिशय बारीक पोलादी तंतूंचा गोळा, स्वस्त आहे आणि चकाकीही सुरेख आणते, पण त्याचे बारीक कण इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमधील (तारांची कंपने टिपणाऱ्या भागातील) चुंबकाला चिकटतात. पिकअप पूर्ण झाकता येत नसेल तर ते वापरू नये. पितळ उजळण्याचे पातळ पॉलिशही मी फडक्यावर थेंबभरच घेतो, कारण रोझवूडच्या छिद्रांत त्याची पांढरी भुकटी बसते.

तारांनी फ्रेटमध्ये खड्डे पाडले असतील, तर यातले कोणतेही साधन ते भरून काढणार नाही. तिथे लेव्हलिंग, म्हणजे सगळे फ्रेट घासून एका पातळीत आणणे, लागते आणि ते जाणकाराच्याच हातून करून घ्यावे. फक्त काळेपणा आणि खरखर घालवायची असेल, तर पूर्ण संच न घेता पट्टी, ४०० व १००० चे ठोकळे सुटे मिळाले तर तेवढेच घ्यावेत आणि वाचलेल्या पैशांत २००० च्या वॉटर पेपरचे चार कागद जास्त आणावेत.