ट्रिगर फिंगरची पट्टी: दुकानात तीन मिळतात, कामाची एक

सकाळी मूठ उघडताना अनामिका किंवा अंगठा वाकलेलाच राहतो, आणि जोर लावला की 'टक्' करून सुटतो. हाच ट्रिगर फिंगर. अशी तक्रार घेऊन मेडिकलमध्ये 'बोटाची पट्टी द्या' म्हटलं की मिळेल ती पट्टी हातात पडते. रत्नागिरी असो की कुडाळ, समोर बहुधा तीन प्रकार येतात.

बोट अडतं ते टोकाशी नव्हे, तळहातात, बोटाच्या बुंध्याशी. बोट वाकवणारी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तिथे एका कड्यातून जाते. त्याला ए-१ पुली म्हणतात. कडं जाड झालं, कंडरेवर गाठ आली की परकराच्या नाडीची गाठ नेफ्याच्या तोंडाशी अडावी तसं होतं. म्हणजे पट्टीने धरायचा तो बुंध्याचा सांधा.

आता पहिला प्रकार, प्लॅस्टिकची टोपी. ती टोकाचा सांधा धरते. चेंडू लागून बोटाचं टोक लोंबकळू लागतं त्यासाठीची आहे. इथे ती फारशी कामाची नाही. दुसरी फोम लावलेली अॅल्युमिनियमची पट्टी. मधला सांधा सरळ ठेवते, रात्रीपुरती चालते, पण दिवसा घालून साधा चहाचा कपसुद्धा नीट धरता येत नाही. तिसरी तळहातावर टेकणारी, बोटाच्या बुंध्याला वेल्क्रोचा पट्टा घालणारी. घ्यायची ती हीच. बुंध्याचा सांधा जवळजवळ सरळ, फार तर १५ अंश वाकलेला राहतो आणि वरचे दोन्ही मोकळे. पैसे देण्याआधी दुकानातच घालून बोट आकड्यासारखं वाकवून बघा. टोक वळलं पाहिजे, बुंधा हलता कामा नये. तरीही 'टक्' झालं तर माप चुकलंय किंवा पट्टा सैल आहे.

माप दोऱ्याने सकाळी घ्यावं, कारण बोट तेव्हाच जास्त फुगलेलं असतं. पट्टा आवळल्यावर नख दाबून सोडा. दोनेक सेकंदात गुलाबी झालं नाही किंवा मुंग्या आल्या तर ढिला करा.

आपल्याकडे खरी परीक्षा पावसाळ्यात. फोम घामाने भिजतो, जुलैत दोन दिवस वाळत नाही आणि आतली कातडी पांढरी पडून सोलते. म्हणून दोन पट्ट्या आलटून पालटून वापराव्यात. वेल्क्रोत सोडणाचा काथ्या आणि माशांचे खवले अडकले की ते धरत नाही. जुन्या टूथब्रशने झाडावं. हँड थेरपिस्टकडून थर्मोप्लास्टिकची पट्टी करून मिळत असेल तर ती सरस: पुसली की कोरडी. मात्र ती साधारण ६५-७० अंशांच्या पाण्यात मऊ करूनच घडवतात, तेव्हा गरम पाण्यात धुवायची नाही आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवायची नाही.

मुदत ६ ते १० आठवडे. आठवड्याभरात 'गुण नाही' म्हणून फेकणारेच जास्त. आणि दिवसभर पट्टी, पण संध्याकाळी ती काढून विळीवर चार नारळ, असं केलं तर कड्यावरचा दाब तसाच राहतो. नारळाची वाटी आवळून फिरवणं, अडकित्ता, कोयतीची बारीक मूठ, सगळं बुंध्यावरच दाबतं. मुठीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती जाड करावी. रबरी चेंडू दाबायचा व्यायाम तर नकोच. बोटं हळू सरळ, मग आकडा, मग सैल मूठ, एवढंच दहा-दहा वेळा पुरे.

बोट दुसऱ्या हातानेच सोडवावं लागतं, त्रास सहा महिन्यांहून जुना आहे किंवा मधुमेह आहे, तर पट्टीचा गुण कमी येतो. गोळ्यांनी दुखणं उतरतं, अडकणं नाही. शस्त्रक्रियेआधीची पुढची पायरी म्हणजे कड्यापाशी स्टिरॉइडचं इंजेक्शन. बऱ्याच जणांना एकानेच आराम पडतो, काहींना काही महिन्यांनी दुसरं लागतं. मधुमेह्यांची साखर त्यानंतर काही दिवस चढते, तेव्हा ती रोज तपासावी.

मासे साफ करताना काटा लागून बोट अख्खं सुजलं, लाल आणि गरम झालं, सरळ करताना जीव जातो, तर तो ट्रिगर नव्हे. कंडरेच्या नळीत पू होत असू शकतो. पट्टी बांधत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.