निवृत्तीनंतर कोकणात: पाटावरचं घर, सड्यावरचा बंगला की रत्नागिरीतला फ्लॅट?

आमचे साडू पुढच्या मार्चमध्ये नोकरीतून मोकळे होतायत. डोंबिवलीची जागा मुलाला द्यायची आणि दोघांनी कोकणात यायचं, इथपर्यंत एकमत आहे. कोकणात म्हणजे कुठे, यावर मात्र रोज रात्री जेवणानंतर वाद. तीन जागा बघून झाल्या: गुहागरला पाटावरचं, म्हणजे गावातल्या लांब रस्त्याच्या कडेचं, जुनं कौलारू घर, त्याच तालुक्यात सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावरच्या, एका एनए (बिगरशेती) प्लॉटच्या स्कीममधला बंगला, आणि रत्नागिरीत मारुती मंदिराच्या बाजूचा दोन खोल्यांचा फ्लॅट. तिन्हीकडे मी बरोबर होतो. सातबारा, विहिरीचं पाणी, किंमत हे त्यांनी वहीत टिपलं. मी बघत होतो ते एवढंच, की सकाळी दूध आणायला निघालेला माणूस परत येईपर्यंत किती जणांशी बोलेल.

साडूंना साखर आहे, त्यांच्या पत्नीचे, म्हणजे ताईंचे, गुडघे कुरकुरतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने आठवड्याला किमान 150 मिनिटं तरी भरभर चालण्याइतके श्रम करावेत, आणि पासष्टीपुढच्यांनी त्याशिवाय तोल सांभाळणारे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस करावेत. एवढं सगळ्यांना पाठ असतं. 2010 साली 148 अभ्यासांची एक एकत्रित छाननी झाली होती, तीन लाखांवर माणसांची. तिच्यातली गोष्ट कमी लोकांना ठाऊक आहे: ज्यांची नाती आणि ओळखीपाळखी भक्कम होत्या, त्यांची त्या-त्या अभ्यासाच्या काळात जगण्याची शक्यता जवळपास 50 टक्क्यांनी जास्त निघाली. तेव्हा घर बघताना पायांची सोय आणि बोलण्याची सोय एकदमच बघावी.

पाटावरचं घर

गुहागरची रचना ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. समुद्राला समांतर असा एक लांब रस्ता, आणि दोन्ही अंगांना घरं. वरचा पाट, खालचा पाट. घरांचं रस्त्याकडचं तोंड अरुंद आणि खोली भरपूर. पश्चिमेकडच्या घरांची नारळी-पोफळीची आगरं मागे थेट किनाऱ्याला भिडतात. तोंड अरुंद असल्यामुळे दोनशे पावलांत सात-आठ बेडी, म्हणजे आवारांची फाटकं, लागतात. प्रत्येक बेड्यामागे अंगण, अंगणापुढे ओटी, ओटीवर कुणीतरी बसलेलं. आम्ही घर बघायला गेलो तेव्हा स्टँडपासून चालत निघालो होतो, पोचेपर्यंत तिघांनी "कुणाकडचे?" म्हणून विचारलं. साडूंना ते आगाऊपणाचं वाटलं. मला वाटलं, हा माणूस उद्या दोन दिवस दिसला नाही, तर चौकशीला येणारे हेच तिघे.

खलाटीची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या सखल जमिनीची, पट्टी सपाट. देऊळ, किराणा, औषधाचं दुकान, एसटी, सगळं एका ओळीत. माडांची सावली असल्यामुळे एप्रिलमध्ये सकाळी दहालाही चालवतं. संध्याकाळी किनारा आहेच, आणि ओल्या घट्ट वाळूवर चालणं ताईंच्या गुडघ्यांना सिमेंटपेक्षा मानवेल.

आता उणं. दर तिसरं-चौथं घर कुलपात. मालक मुंबईत, येणार गणपतीला आणि शिमग्याला. मोठा दवाखाना म्हटला की चिपळूण, सुमारे 45 किलोमीटर. पावसात अंगणातले चिरे शेवाळतात, आणि रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही, फुरसं हा विषारी साप असतो. शिवाय सुट्ट्यांमध्ये त्याच अरुंद रस्त्यावरून पर्यटकांच्या मोठाल्या गाड्या सुटतात. या गाड्यांचं मला जास्त भय आहे. डोनाल्ड ॲपलयार्ड नावाच्या नगररचनाकाराने 1969 साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन रस्त्यांवर पाहणी केली होती. घरं सारखीच, फरक रहदारीचा. दिवसाला 2,000 गाड्या जाणाऱ्या रस्त्यावर माणसाला सरासरी तीन मित्र होते; 16,000 गाड्यांच्या रस्त्यावर एकही पुरता नाही, 0.9. पाटावर एवढ्या गाड्या नाहीत. पण मे महिन्यात रस्त्याकडेचं बसणं उठून मागच्या पडवीत जातं, हे मी पाहिलंय.

सड्यावरचा बंगला

खरं सांगायचं तर पहिल्या पाच मिनिटांत मीही भुललो. समोर अख्खा समुद्र, वारा, शांतता, आणि जाहिरातीत लिहिलेला "वॉकिंग ट्रॅक" खरोखर होता. आम्ही दोन फेऱ्या मारल्या. बावीस बंगले, माणसं राहती तीन घरांत. वॉचमन म्हणाला, "दिवाळी आणि मे, बाकी मीच."

सड्यावर माती नाही, म्हणून झाड नाही, म्हणून सावली नाही. मार्चनंतर नऊ वाजता कातळ तापायला लागतो. पावसाळ्यात वारा छत्री उलटी करतो. प्लॉट दहा-दहा गुंठ्यांचे, भोवती माणूसभर उंच कंपाउंड. शेजारी दिसायचा तर गच्चीवर जावं लागेल. जुना गडगा, म्हणजे दगडी कुंपण, कमरेएवढा असायचा, त्याच्यावरून आमटीची वाटी जायची. या कंपाउंडवरून काय जाणार? स्कीमचे सगळे रस्ते शेवटी एका गेटवर येतात, आणि गेटबाहेर सात-आठ वळणांचा उतार. खालचं दुकान डोळ्यांना दिसतं, पण रस्त्याने तीन किलोमीटर. मधून एक जुनी पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, उतरते म्हणे. स्कीमच्या भिंतीने तिचं तोंड बुजलंय.

ट्रॅकवरच्या फेऱ्यांनी साखर उतरेल, हे मान्य. हृदयाला दुकान आणि ट्रॅक यांतला फरक कळत नाही. पण फेऱ्या मारायला रोज मनाचा निश्चय लागतो, आणि कोथिंबीर संपली की पाय आपोआप निघतात. सड्यावर कोथिंबीर संपली की स्कूटर निघते. साडू आज साठीचे आहेत, स्कूटर चालवतात. पंच्याहत्तरीला डोळ्यांचे डॉक्टर चावी काढून घ्या म्हणाले, तर त्या बंगल्यातून बाहेर पडायचं कसं? हा प्रश्न मी गेटवरच विचारला. ताई हसल्या, साडू रुसले.

रत्नागिरीतला फ्लॅट

याबद्दल थोडक्यात. भाजी, बँक, डॉक्टर, वाचनालय, सगळं हाताशी, आणि जिल्हा रुग्णालय गावातच. मारुती मंदिराचा भाग वरच्या अंगाला असल्याने तेवढ्यापुरतं चालणं सोपं. खालच्या बाजारात उतरलात तर येताना रिक्षा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या दंडकाप्रमाणे पदपथ किमान 1.8 मीटर मोकळा हवा, म्हणजे दोन माणसं छत्र्या उघडून शेजारी-शेजारी चालतील इतका. आम्ही फिरलो त्या रस्त्यांवर पदपथ दुचाकींनी भरलेले, आणि ताईंनी बराचसा वेळ गटाराच्या लाद्यांवरून काढला. बिल्डिंग मात्र बरी वाटली: जिन्यापाशी बाक होता आणि त्यावर दोन आजी. लिफ्ट थेट पार्किंगमध्ये उतरवणाऱ्या नव्या टॉवरपेक्षा मी हा बाक घेईन.

मग कुठे?

साडूंच्या हृदयाची काही तक्रार असती, तर मी डोळे मिटून रत्नागिरी म्हटलं असतं. रात्री दोन वाजता 45 किलोमीटर फार लांब असतं. तशी तक्रार नाही, म्हणून माझं मत पाटाला. सड्याचा बंगला मे महिन्यात आठ दिवस भाड्याने घ्यावा आणि मनसोक्त समुद्र बघावा.

पण कोकणात जागा डिसेंबरात बघून ठरवू नये. तेव्हा सगळंच चालण्याजोगं दिसतं. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात यावं, संध्याकाळी सहाला छत्री घेऊन निघावं आणि दूध, औषध, देऊळ अशी तीन कामं पायी करून बघावीत. चप्पल कुठे घसरते, दिवा कुठे नाही, पाणी कुठून वाहतं आणि कुणाच्या पडवीत उभं राहता येतं, हे त्या अर्ध्या तासात कळतं.

ताईंनी हे ऐकलंय. खालच्या पाटावर एका ओळखीच्या घरी दोन खोल्या जुलै-ऑगस्टसाठी भाड्याने बोलून ठेवल्यात. साडू अजून सड्याचे फोटो मोबाईलवर सगळ्यांना दाखवतायत.