युद्धक्षेत्रात जाणाऱ्या सर्जनसाठी: छोटी नेमणूक की दीर्घ?

पुण्यात जम बसलेला सर्जन युद्धग्रस्त देशात स्वयंसेवक म्हणून जायचे ठरवतो, तेव्हा संस्थेपेक्षा मुदतीचा प्रश्न अधिक अवघड ठरतो. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ सर्जन आणि भूलतज्ज्ञांना काही आठवड्यांसाठीही पाठवते. फिजिशियनकडून मात्र सहसा बऱ्याच महिन्यांची अपेक्षा असते. म्हणजे निवडीची मुभा मुख्यतः आपल्यालाच आहे. मी दोन्ही प्रकारे जाऊन आलो आहे.

छोट्या नेमणुकीत कर्वे रस्त्यावरची ओपीडी मित्राच्या भरवशावर सोडता येते, फॅमिली डॉक्टर पेशंट पाठवणे थांबवत नाहीत आणि घरच्यांचा जीव फार काळ टांगणीला लागत नाही. दीर्घ मुदतीत या तिन्हींना धक्का बसतो, आणि मानधन बेताचेच असते. सुरक्षिततेची खात्री कुठेच नाही. ३ ऑक्टोबर २०१५ रोजी अफगाणिस्तानातील कुंदुझमध्ये याच संस्थेच्या रुग्णालयावर अमेरिकी हवाई हल्ला झाला आणि ४२ जण मृत्युमुखी पडले.

माझ्यापुरता निर्णय झाला तो ड्रेसिंगवरून. गोळीची किंवा बॉम्बच्या तुकड्याची जखम आपण पहिल्या दिवशी शिवत नाही. मेलेले स्नायू काढून, भरपूर धुऊन, सैलसर गॉज ठेवून ती उघडीच ठेवतो. ताप, दुर्गंधी किंवा रक्तस्राव नसेल, तर चौथ्या-पाचव्या दिवशी थिएटरमध्येच ड्रेसिंग काढायचे आणि जखम स्वच्छ असेल तर टाके घ्यायचे. मी छोट्या मुदतीवर होतो तिथे सर्जन सतत बदलत, आणि प्रत्येक नवा सर्जन आधीच्याच्या नोंदी वाचूनही स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यासाठी वॉर्डातच ड्रेसिंग उघडायला लावी. त्यामुळे पेशंटला विनाकारण कळ सोसावी लागे, जंतुसंसर्गाची वाट मोकळी होई आणि वर्षानुवर्षे तिथेच राबणाऱ्या स्थानिक परिचारिकांना दर वेळी नवी पद्धत गिरवावी लागे. दीर्घ मुदतीत मी साफ केलेली जखम मीच शिवली, त्वचारोपण धरले की नाही तेही पाहिले, आणि दुभाष्याविना ‘कुठे दुखते?’ एवढे विचारता येऊ लागले. १९३८ साली चीनला गेलेल्या पथकातले सोलापूरचे डॉ. कोटणीस तर चिनी भाषा शिकून तिथेच राहिले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले; तेवढे कोणाकडूनही मागता येणार नाही, पण काही महिने देता आले तर द्यावेत, असे मला वाटते.

घरी तान्हे मूल किंवा आजारी आईवडील असतील, तर छोटी नेमणूकही निश्चितच उपयोगी आहे. फक्त होकार कळवण्यापूर्वी एवढे विचारून घ्यावे, की पुढचा सर्जन आपण निघण्याआधी दोन दिवस तरी तिथे पोहोचेल ना, म्हणजे त्याच्यासोबत एक वॉर्डराउंड करता येईल.