चालायचे पैसे: क्योतोत गाईडबाईंसोबत चार तास

"चालायचेसुद्धा पैसे द्यायचे?" लेकीनं फोनवर सांगितलं तेव्हा आमच्या ह्यांचा पहिला प्रश्न हा. त्यांचंही चुकलं नाही म्हणा. आठ वाऱ्या पायी केलेला माळकरी माणूस. वारीत तुम्ही चालता म्हणून गावंच्या गावं जेवायला घालतात, वर पायाला तेल लावून देतात. आणि इथं चार तास चालायचे 24,000 येन, म्हणजे आपले 14 हजार रुपये. माणशी नव्हे, दोघांचे मिळून, हे तीनदा सांगितलं तेव्हा कुठं गप्प बसले.

लेक टोकियोत निशी-कसाईला असते. नोव्हेंबरात आम्ही सांगलीहून तिच्याकडं गेलो, पण तिला रजा नव्हती आणि क्योतोला आम्ही दोघंच जाणार होतो. माझं इंग्रजी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवण्यापुरतं, ह्यांचं बँकेच्या फॉर्मापुरतं. शिवाय ह्यांचा उजवा गुडघा. म्हणून तिनं एका साइटवरून खाजगी गाईड ठरवली. खाजगी म्हणजे ग्रुप नाही, झेंडा नाही, फक्त आपण आणि गाईड.

आधी रागाचं सांगून टाकते. त्या साइटवर "शाकाहारी जेवणाची सोय" असं ठळक लिहिलं होतं. लेकीनं विचारलं, नक्की कसली सोय? उत्तर आलं ते सगळ्यांना पाठवतात तेच: आपल्या पसंतीचा आदर केला जाईल. आदर म्हणजे काय हे शेवटपर्यंत कळलं नाही. आणि पैसे भरून झाल्यावर खाली बारीक अक्षरात दिसलं की देवळांची तिकिटं, टॅक्सी, चहापाणी, आणि गाईडचंही ते सगळं, आपण द्यायचं. आमचे वरचे साडेचार हजार येन गेले. आधी सांगितलं असतं तर काही वाटलं नसतं.

आता गाईडबाईंचं. सकाळी सातची वेळ ठरली होती, आम्ही पावणेसातला हॉटेलच्या खाली आलो तर बाई बसलेल्या. साठी ओलांडलेल्या, पायात कॅनव्हासचे बूट, पाठीला छोटी सॅक. पूर्वी हायस्कुलात इतिहास शिकवायच्या. हे कळल्यावर माझं निम्मं दडपण गेलं. गळ्यात सरकारी परवान्याचं कार्ड होतं. जपानात ह्या कामाला परीक्षा आहे, 1949 पासूनचा कायदा आहे. पूर्वी परवाना नसताना पैसे घेऊन परदेशी माणसाला फिरवणं बेकायदा होतं, 2018 पासून ती अट काढली. त्यामुळे आता कुणीही गाईड होऊ शकतो आणि साइटवर सगळे एका माळेचे मणी दिसतात. ठरवताना परवाना आहे का एवढं बघून घ्या. फुकट फिरवणारे स्वयंसेवक गाईडही मिळतात, त्यांचा प्रवास आणि जेवण तेवढं आपण बघायचं. पण ते कॉलेजची मुलं असू शकतात, आणि आम्हाला आमच्या वयाचं माणूस हवं होतं.

बाईंनी ह्यांना लिफ्टपासून सोफ्यापर्यंत येताना बघितलं आणि हातातला छापील कार्यक्रम घडी करून सॅकमध्ये टाकला. त्यात सात ठिकाणं होती. म्हणाल्या, "आज चार." मग विचारलं, चढताना दुखतं की उतरताना? ह्यांना हा प्रश्न आजवर फक्त मिरजेच्या हाडांच्या डॉक्टरांनी विचारला होता. उतरताना, म्हटल्यावर त्यांनी रस्ताच बदलला. सगळे खालून चढून डोंगरावरच्या कियोमिझु-देरा देवळाला जातात आणि मग पायऱ्या उतरत गियोन ह्या जुन्या वस्तीत येतात. आम्ही टॅक्सीनं जाता येईल तिथवर वर गेलो, आणि उतार दोन तुकड्यांत केला, मध्ये बसायला जागा धरून. ती जागा म्हणजे एका बंद दुकानाबाहेरचा बाक. ह्या वेळी इथं ऊन येतं, म्हणाल्या. आणि खरंच आलं.

कियोमिझुचं देऊळ सहाला उघडतं. सव्वासातला गर्दी नव्हती. त्याचा तो प्रसिद्ध लाकडी सज्जा दरीवर आलेला आहे, 13 मीटर उंच, 1633 सालचं बांधकाम, खालचा डोलारा खिळा न मारता खाचेत खाच बसवून उभा केलेला. जपानीत धाडसी निर्णय घेण्याला "कियोमिझुच्या सज्ज्यावरून उडी मारणं" म्हणतात. बाई म्हणाल्या, हा नुसता वाक्प्रचार नाही, नवस म्हणून जुन्या काळी दोनशेवर लोकांनी खरोखर उड्या मारल्याची देवळाच्या दप्तरात नोंद आहे, आणि बरेचसे वाचले. हे कठड्यावरून वाकून बघत होते. मी शर्ट धरून ठेवला.

मला तिथं जास्त आवडलं ते बाजूला. एका उतारावर दगडाच्या छोट्या छोट्या मूर्ती दाटीवाटीनं बसवल्या होत्या, शेकड्यांनी, आणि प्रत्येकीच्या गळ्यात लाल लाळेरं. अगदी तान्ह्या बाळाला बांधतो तसलं, काहींना पांढरी लेससुद्धा. हा जिझो, आपल्याकडच्या बौद्ध ग्रंथांतला क्षितिगर्भ. गेलेल्या लेकरांना आणि वाटसरूंना सांभाळणारा. बाई म्हणाल्या, आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर पण एक आहे, त्याचं लाळेरं ह्या वर्षी मी शिवलं, गेल्या वर्षी समोरच्या आजींनी. कापड कुठलं, गाठ मागं कशी मारायची, हे आम्ही दोघी चांगलं दहा मिनिटं बोलत बसलो. ह्यासाठी पैसे मोजले असं मला अजून वाटतं.

उतरताना सान्नेनझाका लागतो. दगडी पायऱ्यांचा उतार, दोन्ही बाजूंना जुनी लाकडी दुकानं, साडेआठला बरीचशी अजून बंदच. इथं पाय घसरून पडलं तर तीन वर्षांत मरण, अशी समजूत. बाईंनी हे सांगितलं आणि लगेच जीभ चावली, कारण हे तेव्हा माझ्या खांद्याला धरून एकेक पायरी उतरत होते. हे म्हणाले, "तीन वर्षांची मुदत ठेव झाली म्हणायची." मुदत ठेवीचं इंग्रजी मला जमलं, विनोदाचं नाही. बाई तरीही हसल्या. त्यावर उताराही आहे, भोपळ्याचा: खालीच एका दुकानात छोटे वाळवलेले भोपळे मिळतात, पडलात तर एक घ्यायचा. दुकान उघडायचं होतं आणि आम्ही पडलो नव्हतो.

यासाका पॅगोडा, 46 मीटर उंच, 1440 सालचा, दगडी गल्लीच्या टोकाला असा उभा आहे की वळल्यावर एकदम अंगावर येतो. तिथं एव्हाना भाड्याचे किमोनो घालून फोटो काढणाऱ्या पोरींची रांग लागली होती. बाईंनी आम्हाला तिथं दोन मिनिटंच थांबू दिलं. मला थोडं खटकलं, कारण मलाही फोटो हवा होता, पण त्यांचं डोकं घड्याळावर होतं.

गियोनबद्दल एक गोष्ट आधी कुणी सांगितली नव्हती. गियोन हे नाव जेतवनावरून आलं. श्रावस्तीचं जेतवन, जिथं बुद्धांनी इतके पावसाळे काढले, त्या विहाराचं जपानी नाव "गियोन शोजा". त्यावरून यासाका देवळाचं जुनं नाव पडलं आणि त्यावरून वस्तीचं. 869 साली रोगराई आली म्हणून सुरू झालेला गियोन उत्सव आजही दर जुलैत असतो. मी चौथीच्या मुलांना बुद्धांची गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली आणि जेतवन इथं येऊन भेटलं.

गियोनच्या खाजगी गल्ल्यांच्या तोंडाशी पाट्या आहेत: आत येऊ नका, फोटो काढू नका, 10,000 येन दंड. पुण्याच्या सदाशिव पेठेत शोभल्या असत्या. पण बाई त्या पाट्यांबद्दल हळू आवाजात बोलल्या. गेइको आणि माइको, म्हणजे गाण्यानाचाच्या कलाकार बायका आणि त्यांच्या शिकाऊ पोरी (क्योतोत गेइशा म्हणत नाहीत), कामाला निघाल्या की लोक त्यांच्या बाह्या ओढतात, वाट अडवतात. "त्या शो नाहीत, ड्यूटीवर आहेत." दिवसा त्या दिसतही नाहीत. कुणी गाईड "गेइशा दाखवतो" म्हणाला तर त्याला घेऊ नका, असं माझं मत झालंय.

मग शिजो रस्त्यावर कामेया कियोनागा नावाच्या मिठाईच्या दुकानात शिरलो. 1617 सालचं दुकान. बाईंनी काचेतली एक वस्तू दाखवली आणि काहीच न बोलता माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मी म्हणाले, अहो, हा मोदक! तळणीचा, बदामी रंगावर तळलेला, फक्त वरचं तोंड आपल्यासारखं टोकाला मिटवलेलं नाही, बटव्याची नाडी ओढल्यासारखं आवळून वर आठ पाकळ्या फुलवलेल्या. कमळाच्या आठ. नाव सेइजो कांकिदान. नारा काळात (आठव्या शतकात) बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे आलेला हा प्रसाद, आणि तो ज्या देवाला चालतो तो कांगितेन, म्हणजे हत्तीच्या तोंडाचा आपला गणपतीच. त्याची मूर्ती मात्र तिथं बंद ठेवतात, भाविकांना दर्शन नाही.

आम्ही चार घेतले, एक तिथंच फोडला. फोडलाच म्हणायला हवं. पारी खुसखुशीत नाही, कडक आहे, तिळाच्या तेलात मंद तळलेली. आत गुळखोबरं नाही, लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड, घोटलेलं, काळपट पुरण, आणि त्यात सात प्रकारची सुगंधी द्रव्यं, चंदन, दालचिनी, भीमसेनी कापूर वगैरे. पहिला वास नाकात जातो तो देवघराचा. ह्यांनी खाल्ला आणि म्हणाले, "उदबत्ती खाल्ल्यासारखं वाटतंय." मला दुसऱ्या घासाला आवडला. मोदकाला मी अकरा कळ्या काढते, ह्या दुकानवाल्यांच्या आठच, पण एकही सुटलेली नाही.

शेवटचं ठिकाण सान्जूसान्गेन्दो, टॅक्सीनं. बूट काढायचे, फोटो बंद. बाईंनी सगळं बाहेर बाकावर बसवूनच सांगितलं, कारण आत बोलायचं नसतं. ही शिस्त फार आवडली. 120 मीटर लांब लाकडी दालन, 1266 मध्ये पुन्हा बांधलेलं, आणि त्यात 1001 कान्नोन. कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी तो हाच. सोनेरी, माणसाच्या उंचीच्या, दहा रांगा, मधली मोठी मूर्ती बसलेली. त्यांच्यापुढं 28 रक्षक देव. बाईंनी घरून कागद छापून आणला होता, जपानी नाव आणि समोर इंग्रजी लिपीत संस्कृत नाव. मी पेनानं देवनागरीत लिहीत गेले: ताइशाकुतेन, इंद्र. बोन्तेन, ब्रह्मा. नाराएन, नारायण. बासुसेन, वसू ऋषी, बरगड्या मोजून घ्याव्यात असा म्हातारा. आणि कारुरा, गरुड. चोच आहे, पंख आहेत, आणि ओठाशी बासरी. गरुडाच्या हातात बासरी कशी, हे मी बाहेर आल्यावर बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मला माहीत नाही, बघून कळवते. इतक्या वर्षांच्या गाईडनं असं म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. आपल्याकडं हंपीला किंवा वेरूळला विचारा, कुठल्याही दगडाची गोष्ट लगेच तयार असते.

आत हे मात्र बराच वेळ हात जोडून उभे होते. नंतर म्हणाले, "विठ्ठल एकटा उभा आहे, हे हजार उभे आहेत."

अकराला बरोबर संपलं. पुढं थांबायला तासाला 5,000 येन, हे आधी ठरलेलं. टीप देऊ केली, घेतली नाही. लेकीनं बजावलं होतं म्हणून चितळ्यांच्या बाकरवडीचं पाकीट दोन्ही हातांनी दिलं, ते दोन्ही हातांनी घेतलं.

आणि त्या शाकाहाराच्या सोयीचं बाईंनीच निस्तरलं. निघण्याआधी सॅकमधून कार्ड काढून जपानीत लिहून दिलं: मांस नाही, मासे नाहीत, कात्सुओचा दाशी नाही, कोंबूचा चालेल. दाशी म्हणजे तिथला रस्सा, बहुतेक जागी कात्सुओ ह्या सुकवलेल्या माशाचा; कोंबू म्हणजे समुद्री शेवाळ. नुसती "व्हेजिटेबल उदोन" (रश्शातल्या जाड शेवया) मागवली तरी त्यात तो असतोच, हे आम्हाला दहा दिवस कुणी सांगितलं नव्हतं. ते कार्ड पहिल्या दुकानात दाखवलं. म्हाताऱ्या मालकांनी चष्मा लावून नीट वाचलं आणि दोन्ही हातांची फुली करून छातीशी धरली. नाही जमणार. वाकून माफीही मागितली. दुसऱ्या दुकानात युदोफु मिळाला, मातीच्या भांड्यात कोंबूच्या पाण्यात उकळत असलेला मऊ टोफू. हे म्हणाले आजारी माणसाचं जेवण आहे, आणि दोनदा भात घेतला. पुढचा सगळा प्रवास त्या कार्डावर झाला.

साइटला मी दोन तारे देईन, बाईंना पाच. घेणार असाल तर गुडघा, माळ, मधुमेह, जे असेल ते ठरवतानाच लिहून कळवा, आणि वरखर्च किती येईल ते आकड्यात विचारा. तुम्हाला सात ठिकाणांचे फोटो हवे असतील तर एवढे पैसे घालू नका, नकाशा घेऊन फिरा.

बासरीचं उत्तर अजून आलेलं नाही. तिसऱ्या दिवशी बाईंचा मेल आला, की दोन पुस्तकं बघितली, त्यात नाही, शोधते आहे. उरलेल्या तीन कांकिदानांपैकी दोन लेकीनं आणि जावयानं संपवली. एक मी तिच्या घरच्या गणपतीपुढं ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी हे म्हणाले, आज उदबत्ती लवकर लावलीस का. मी अजून आंघोळीलाही गेले नव्हते.