खडकवासला की चेन्नई? लष्करी प्रशिक्षण आणि नोकरीकडे पाहण्याची दृष्टी

भूदलात अधिकारी होऊ पाहणाऱ्यांसमोर प्रामुख्याने दोन वाटा असतात: बारावीनंतर खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे एनडीए, किंवा पदवीनंतर चेन्नईची ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी, म्हणजे ओटीए. घरोघरी यांची तुलना परीक्षेची काठिण्यपातळी आणि पगार यांवरच थांबते. पगारात तर फरकच नाही. दोन्हीकडचा लेफ्टनंट दरमहा ५६,१०० रुपये मूळ वेतनावर रुजू होतो. प्रशिक्षण कोणत्या वयात वाट्याला येते, याचा विचार मात्र क्वचितच होतो आणि माझ्या मते पुढे माणूस लष्कराला नोकरी मानणार की आयुष्य, हे बऱ्याच अंशी तिथेच ठरते.

एनडीएत प्रवेश साडेसोळा ते साडेएकोणीस या वयात मिळतो. तीन वर्षे खडकवासला आणि त्यानंतर एक वर्ष डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकादमी, अशी चार वर्षे घडण चालते. या वयातल्या मुलाने स्वतः पैसे कमावलेले नसतात, वरिष्ठ म्हणून शिक्षकांपलीकडे कोणी पाहिलेले नसते आणि त्यामुळे काम म्हणजे काय, याची त्याची पहिली कल्पनाच स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे एकत्र राहणाऱ्या कॅडेटच्या तुकडीत, तयार होते. वर्गात जायचे तेही सायकलींच्या रांगेतून. एकाने उशीर केला की रगडा, म्हणजे शिक्षेची कसरत, सगळ्यांना. ‘पुट्टी परेड’मध्ये काही मिनिटांत एक गणवेश उतरवून दुसरा चढवायचा आणि पुन्हा हजर व्हायचे, तेव्हा एकजण दुसऱ्याच्या बुटाची नाडी बांधतो, तिसरा कोणाचा तरी बेल्ट शोधत असतो. चूक माझी नव्हती, हे वाक्य तिथे हळूहळू ओठांवर येईनासे होते. डेहराडूनला चेटवुड हॉलमध्ये देशाचे हित आधी, हाताखालच्या जवानांचे त्यानंतर आणि स्वतःचे सुख सर्वांत शेवटी, हे वचन वाचायला मिळते, तोवर तो ते तीन वर्षे जगलेला असतो. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इतक्या लवकर घडलेल्या अधिकाऱ्याला लष्कराबाहेरचे जग मापायला फूटपट्टीच नसते, आणि कर्नलपदापासून बढती निवड मंडळाच्या हाती जाते तेव्हा मिळालेला नकार त्याला नोकरीतील अडथळ्यासारखा न वाटता घरानेच नाकारल्यासारखा लागू शकतो.

ओटीएचे प्रशिक्षण ४९ आठवड्यांचे असते. तिथे येणारा पदवीधर असतो. काहींनी नोकरीही केलेली असते. ड्रिल, फायरिंग, पाठीवर ओझे घेऊन धावणे, यांत सवलत नसते, उलट चार वर्षांचे काम वर्षभरात उरकायचे असल्याने दम जास्तच लागतो. तरीही कवायत त्याच्या स्वभावाला वळण लावते, स्वभाव नव्याने घडवत नाही. शिवाय ओटीएतून मिळणारे शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक मुदतीची अधिकारी म्हणून नेमणूक, १० वर्षांचे, वाढवून १४ वर्षांचे असते, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते, आणि पर्मनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नेमणूक, मिळेल की नाही हे निवडीवर अवलंबून असल्यामुळे पुढे काय, हा प्रश्न मनाच्या एका कोपऱ्यात कायम राहतो.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स मोस्कोस यांनी १९७७ मध्ये लष्कराकडे पाहण्याच्या दोन दृष्टी मांडल्या होत्या. एकीत लष्कर ही मूल्ये जपणारी संस्था असते, तर दुसरीत बाजारभावाने मोजला जाणारा पेशा. एनडीए पहिल्या दृष्टीकडे जोरात ढकलते. ओटीएचा अधिकारी दोन्ही दृष्टी सोबत बाळगतो. यावरून त्याची निष्ठा कमी, असा अर्थ काढणे मात्र अन्यायाचे आहे. १९९९ च्या कारगिल युद्धात परमवीर चक्र मिळवणारे कॅप्टन मनोज कुमार पांडे एनडीएचे होते आणि महावीर चक्र मिळवणारे मेजर पद्मपाणी आचार्य ओटीएचे. दोघांनाही ते मरणोत्तर मिळाले.

फरक जाणवतो तो बाहेर पडताना. अधिकाऱ्याला पेन्शनसाठी २० वर्षे सेवा लागते, म्हणून १० किंवा १४ वर्षांनी निघणाऱ्या शॉर्ट सर्व्हिस अधिकाऱ्याला ग्रॅच्युइटी मिळते, पेन्शन नाही. पस्तिशीच्या आसपास दुसरी कारकीर्द उभी करावी लागते. ज्याने बाहेरचे जग आधी पाहिले आहे, त्याला हे तुलनेने सोपे जाते.

मुलींसाठी ओटीएची वाट १९९२ पासून, तर एनडीएची २०२२ पासून खुली आहे. पदवीनंतर थेट डेहराडूनला जाण्याची मधली वाटही मुलांना असते.

माझा कौल असा: बारावीतच ज्याला दुसरे काही नकोसे वाटते, त्याने खडकवासल्याचा प्रयत्न जरूर करावा. आईवडिलांच्या हौसेखातर किंवा शिक्षण फुकट होते म्हणून जाणाऱ्याने मात्र थांबावे, कारण मध्येच स्वेच्छेने सोडल्यास प्रशिक्षणाचा खर्च परत करावा लागतो, आणि मन नसताना काढलेली चार वर्षे त्याहून महाग पडतात. ज्याचे मन अजून ठरलेले नाही, त्याने मनाजोगी पदवी घ्यावी. एनडीएची संधी साडेएकोणिसाव्या वर्षी संपते, ओटीएची त्यानंतरही काही वर्षे उरते.